जुनी छोटी पेट्रोल गाडी की जुनी डिझेल? या चुका टाळा

‘डिझेलचं इंजिन तीन लाख किलोमीटर जातं, पेट्रोलचं लाखभर झालं की संपलं.’ गाडीबाजारात हे वाक्य आजही ऐकू येतं. ते अगदीच खोटं नाही, फक्त जुनं झालंय. डिझेलचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाण) १६ पटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त, पेट्रोलचं ९-१० पट. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं जाडजूड असतं आणि ते टिकतंच. पण साध्या पंप-नोझलचा जमाना गेल्यावर त्या जाड लोखंडाभोवती टर्बो, कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने इंधन पुरवणारी एकच नळी), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), सेन्सर असं नाजूक सामान आलं. जुन्या डिझेलवर खर्च होतो तो बहुधा या सामानावर. उलट मारुती ८०० आणि आल्टोचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पाणी आणि ऑइल वेळेवर मिळालं तर दोन लाखांच्या पुढेही कुरकुर न करता चालतं.

खरा फरक खर्च कसा येतो यात आहे. पेट्रोल गाडी सतत चिल्लर मागते. डिझेल वर्षभर गप्प राहते आणि मग एकदम थप्पी मागते.

रनिंग न मोजता डिझेल घेणं

२०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता, तेव्हा कुणीही डोळे झाकून डिझेल घेत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि हे गणित बदललं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरू. शहरात पेट्रोल हॅचबॅकला १६, डिझेलला १८ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेसहा आणि पाच रुपये पडतात, म्हणजे दीड रुपया वाचतो. महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याचे वर्षाला ९,००० वाचले. कॉमन रेलचा एक नवा इंजेक्टर बहुतेक गाड्यांना पाच आकडी रकमेला पडतो, आणि इंजेक्टर चार असतात. महिन्याला २,००० किलोमीटर असतील तर मात्र वर्षाला ३६,००० वाचतात आणि मग डिझेलचे लाड परवडतात.

पैशांपेक्षा वाईट म्हणजे कमी रनिंगमुळे डिझेल आजारी पडते. घर ते स्टेशन तीन किलोमीटर, संध्याकाळी परत, असं चाललं की इंजिन पुरतं तापतच नाही. काजळी ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी बसते. पिकअप जातो, काळा धूर येतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये याच्या जोडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, चोंदतो. अशी गाडी घरात असेलच तर आठवड्यातून एकदा हायवेवर २०-२५ मिनिटं, २,००० आरपीएमच्या वर ठेवून चालवा. महिनोन्महिने साचलेला थर मात्र त्याने निघत नाही. त्यासाठी ईजीआर उतरवून साफ करावा लागतो.

गरम इंजिनावर गाडी पसंत करणं

जुनी डिझेल बघायला जाताना आधी बॉनेटवर हात ठेवा. तो कोमट असेल तर गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. डिझेलचं खरं दुखणं थंड स्टार्टलाच कळतं. कमजोर ग्लो प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारे), उतरलेलं कॉम्प्रेशन, गळके इंजेक्टर, सैल टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी), सगळं पहिल्या दहा सेकंदांत बोलतं. दोन-तीन सेकंद साखळी खडखडून थांबली तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बघून घ्यायला हवेत.

मग इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडवा आणि तिथेच उलटं ठेवा. ते नुसतं थरथरलं तर ठीक, डिझेलमध्ये थोडी वाफ येतेच. झाकण उडत असेल आणि भोकातून पुकपुक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. छोट्या पेट्रोल इंजिनात एवढाही धूर दिसता कामा नये. ऑइल मोजायची डिपस्टिकही बघा. डिझेलमध्ये ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं.

धुराचा रंग ओळखायला शिका. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलं.

बेल्ट की चेन, हे माहीतच नसणं

जुन्या गाड्यांत सगळ्यात महागात पडणारी चूक ही. काही इंजिनांत टायमिंग चेनचं काम रबरी बेल्ट करतो. हा बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. मारुती ८००, जुनी आल्टो आणि आल्टो ८०० यांना बेल्ट आहे, आल्टो के-१० ला चेन. सँट्रो आणि १.१ लिटरची आय-१० बेल्टवर, १.२ लिटरच्या कप्पा इंजिनाची आय-१० चेनवर. डिझेलमध्ये इंडिकाचं जुनं १.४, जुन्या इनोव्हाचं २.५, डस्टर-लोगनचं १.५, फोर्डचं १.४, हे सगळे बेल्टवाले. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंतो यांतलं १,२४८ सीसीचं फियाटचं इंजिन चेनवर.

बेल्टची मुदत इंजिनाप्रमाणे साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जुन्या गाडीत आधी कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. रबर वयानेही मरतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट ताजा असतो हा भ्रम आहे. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग बदला, वॉटर पंप बेल्टवर फिरत असेल तर तोही. दोनशे रुपये वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते जाम झालं की नवा बेल्टही तुटतो.

चेनवाल्यांनीही बिनधास्त राहू नये. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. फियाटच्या त्या १,२४८ सीसीच्या इंजिनात तीन लिटरच्या आसपासच ऑइल बसतं. लिटरभर कमी झालं किंवा बदल लांबला की साखळी ताणली जाते.

ऑइल रंगावरून ओळखणं

डिझेलचं नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं पडतं. याचा अर्थ ऑइल काजळी धरून ठेवतंय, म्हणजे त्याचं काम करतंय. ‘साहेब, ऑइल काळं झालंय’ म्हणून पाच हजार किलोमीटरवर बदलून घेणं हा वाया खर्च. आणि पेट्रोलचं ऑइल मधासारखं दिसतंय म्हणून दोन वर्षं तसंच ठेवणं हा त्याहून मोठा. दोन्हींना किलोमीटर आणि महिने, जे आधी येईल ते. जुन्या गाडीला १०,००० ऐवजी ७,५०० किंवा वर्ष हे बरं.

ट्रकचं जाड १५डब्ल्यू-४० ऑइल स्वस्त मिळतं म्हणून छोट्या टर्बो डिझेलमध्ये ओतू नका. मॅन्युअलमध्ये पातळ ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर त्याला कारण आहे. टर्बोची फीड पाइप बारीक असते आणि थंडीत जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते.

वर्षानुवर्षं ऑइलकडे बघितलंच नाही अशा इंजिनात ‘फ्लश’ मारणं धोक्याचं. सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) जाळीत अडकतो आणि ऑइलचा दाबच जातो. त्यापेक्षा दोन-तीन हजार किलोमीटरच्या अंतराने दोनदा ऑइल-फिल्टर बदला.

पावसाळ्यात पेट्रोल गाडीच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नका. छोट्या फेऱ्यांमध्ये वाफ तिथे जमते. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल, तर एक लांब फेरी मारा. डिपस्टिकवरच चहासारखा रंग आला तर मात्र गाडी जागेवर उभी करा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

गाडी तापते, मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतो, पंखा डायरेक्ट करतो, म्हणजे सतत फिरत ठेवतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. उन्हाळा निघतो. त्यानंतर इंजिन कधीच योग्य तापमानाला येत नाही. थंड इंजिन समजून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त इंधन सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये गाळ धरतो. तापण्याचं मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, घसरणारा वॉटर पंप किंवा मेलेलं रेडिएटर कॅप, तसंच राहतं आणि एखाद्या घाटात हेड वाकवून जातं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की फेसिंग केल्याशिवाय (घासून सपाट केल्याशिवाय) नवं गॅस्केटही टिकत नाही. बोअरचं पाणी भरू नका, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट, आणि इंजिन गार असतानाच झाकण उघडा.

इंधनातलं पाणी

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण अर्धी रिकामी टाकी रोज थंड-गरम होते आणि आत घाम सुटतो. काढायची पद्धत सोपी आहे. फिल्टरखाली रुंद तोंडाची काचेची बाटली धरा, तळाचा ड्रेन स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, शंभरेक मिली सोडा. हाताने चालणारा प्रायमिंग पंप असेल तर तो दाबल्यावर धार सुरू होते. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी खाली बसतं आणि मध्ये काचेसारखी रेघ दिसते. नुसतं डिझेल येईपर्यंत काढा, स्क्रू बेताने आवळा, प्रायमिंग पंप कडक होईस्तोवर दाबा आणि मग स्टार्टर मारा. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या पुढे दाब असतो. पाण्याचे चार थेंब इंजेक्टरच्या टोकाला गंज आणतात. फिल्टर वीस-तीस हजारांना बदला, आणि त्यात स्वस्ताई नको.

टाकी कोरडी होऊ देणं हा आणखी एक प्रकार. पेट्रोल गाडीत पाच लिटर ओतलं की ती पुढे चालू लागते. डिझेलमध्ये लाइनमध्ये हवा शिरते, आणि डिझेलवरच वंगण मिळणारा हाय प्रेशर पंप कोरडा घासतो. त्यातून सुटलेला धातूचा कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर म्हणूनच चावीसुद्धा फिरवू नका. पंपावरच ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करा.

पेट्रोलवाल्यांची काळजी वेगळी. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९९०-२००० च्या दशकातल्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी केलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. टाकी ते इंजिन सगळे पाइप आणि क्लिपा बदलून घ्या, फार मोठा खर्च नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा महिनाभर उभी राहणारी गाडी जवळजवळ रिकाम्या टाकीने ठेवू नका.

इंजेक्टरचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं

स्टार्ट केल्यावर इंजेक्टरच्या मुळाशी ‘चुस-चुस’ ऐकू येतंय आणि आजूबाजूला काळं, डांबरासारखं कडक काहीतरी साचलंय, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. या टप्प्यावर काम वॉशर आणि मजुरीत भागतं. वर्षभर चालवलात तर जळका गॅस बैठक खातो आणि इंजेक्टर हेडमध्ये इतका चिकटतो की ओढून काढायला वेगळं यंत्र आणावं लागतं. आयडलिंगला ठोके चुकत असतील तर सरसकट चारही इंजेक्टर बदलण्याआधी रिटर्न लाइनची, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलची, चाचणी करून घ्या. चार नळ्या, चार बाटल्या, ठरावीक मिनिटं. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं, तो इंजेक्टर संशयित. अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये टाकावा लागतो. तो न टाकता गाडी हातात दिली तर आवाज आणि धूर तसाच राहतो.

पेट्रोलमध्ये ‘मिसिंग’ची तक्रार बहुधा प्लग, कॉइल किंवा मळलेल्या थ्रॉटल बॉडीपाशी संपते. स्वस्त गाडीचा हा खरा फायदा. बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी बघा. शिवाय टॅपेट (व्हॉल्व्हची फट) वेळेवर तपासा, कारण सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते.

इंजिन बघून पत्रा विसरणं

मुंबई, कोकण, गोव्याच्या गाडीत आधी कार्पेट उचला. फ्लोअर, रनिंग बोर्ड, मागच्या चाकाची कमान, सस्पेन्शनच्या वरच्या माउंटिंगभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आत पुट्टी आहे. इंजिन बांधता येतं, सडलेली बॉडी नाही.

कागद नंतर बघू म्हणणं

दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल अशी मर्यादा आल्यापासून तिकडच्या धडधाकट डिझेल गाड्या महाराष्ट्रात स्वस्तात येतात. भाव बघून भुलण्याआधी एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च किमतीत धरा. आपल्याकडे १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं. वर पर्यावरण कर लागतो, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च विकणाऱ्याकडून कमी करून घ्या, वर्षभरात तो तुमच्याच दारात येणार आहे.