‘पाँडर’ या इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं

‘पाँडर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा सावकाश, सगळ्या बाजूंनी विचार करणं. मूळ शोधायला खिशातला कोश बहुधा कामाचा नसतो, त्यात व्युत्पत्ती छापत नाहीत. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा तिथल्याच शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन मोठा इंग्रजी कोश मागा.

नोंदीतला चौकटी कंस शोधा. आतली साखळी नव्याकडून जुन्याकडे जाते: मध्य इंग्रजी, जुनी फ्रेंच, लॅटिन. इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकात आला. लॅटिन ‘पोंडेरारे’ म्हणजे तोलणं. ते ‘पोंडुस’ म्हणजे वजन यावरून आलं, आणि त्यामागे ‘पेंडेरे’: टांगणं, टांगून तोलणं. तराजू टांगूनच धरायचे, म्हणून दोन्ही अर्थ एका क्रियापदात. मनातल्या मनात तोलण्याचा अर्थही लॅटिनमध्येच रुळला होता. मार्केट यार्डात गुळाचा रवा (ढेप) काट्यावर चढवून तोलतात, तसंच हे. (काटामारीचा अर्थ मात्र लॅटिनला चिकटला नाही.)

‘पें’चा ‘पों’ कसा, इथे बरेचजण अडतात. एकाच धातूत ए-ओ असा स्वरबदल लॅटिनमध्ये जुनाच आहे. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांतही स्वर बदलतो, नियम वेगळा असला तरी.

आता भावंडं काढून साखळी पडताळा. पेंडंट आणि पेंड्युलम टांगण्याकडचे. वजनाचा पौंड, पाँडरस (जडशीळ) आणि कॉम्पेन्सेट (एकासमोर दुसरं तोलून भरपाई करणं) वजनाकडचे. विचारमग्न या अर्थाचा पेन्सिव्हही याच घरातला, फ्रेंचमार्गे आलेला.

चूक होते ती नुसत्या सारख्या आवाजावर विसंबल्यामुळे. तळ्याचा ‘पाँड’ इथला नाही. कुटण्याचा ‘पाउंड’ जुन्या इंग्रजीतला, आणि भटकी जनावरं कोंडायचा ‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडा, तोही या घरातला नाही. वजनाचा, कुटण्याचा आणि कोंडवाड्याचा ‘पाउंड’ यांचं स्पेलिंग एकच, म्हणून कोश त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊन स्वतंत्र नोंदी करतो. क्रमांक न बघता वाचलं की घोटाळा ठरलेला.

वाक्यात वापरताना ‘पाँडर’पुढे थेट कर्म येतं किंवा ‘ओव्हर’, ‘ऑन’ लागतं. ‘व्हेदर’, ‘व्हॉट’, ‘हाऊ’ही चालतात. ‘थिंक’सारखं ‘दॅट’ जोडलेलं मात्र खटकतं, कारण ‘दॅट’पुढे निष्कर्ष येतो आणि ‘पाँडर’मध्ये तो अजून निघालेला नसतो.