ट्रान्सजेंडर कॉमिक्स-चित्रकाराचा परिचय मराठीत कसा लिहावा

उदाहरण म्हणून अमेरिकी ट्रान्स स्त्री चित्रकार जेफ्री कॅथरीन जोन्स यांना घेऊ. जन्म अटलांटा, १९४४, निधन २०११.

आधी कामाची यादी करा. 'नॅशनल लॅम्पून' मासिकातली 'आयडिल' ही चित्रमालिका, 'हेवी मेटल' मासिकातली 'आय'म एज', पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठं, आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये राइटसन, कलुटा, विंडसर-स्मिथ या कॉमिक्स-चित्रकारांसोबतची 'द स्टुडिओ' ही कामाची सामायिक जागा. परिचयाचा मोठा भाग इथेच खर्च व्हावा.

यादीत 'छापील श्रेय' असा वेगळा रकाना ठेवा. जुन्या अंकांत 'जेफ जोन्स' छापलंय. ते तसंच उतरवा, पण नोंद एकच ठेवा. दोन नोंदी केल्या की अर्धं काम शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

खरी कसरत क्रियापदांची. 'जोन्स यांनी चित्र रंगवलं' यात क्रियापद चित्राप्रमाणे चालतं, अडचण नाही. 'आल्या', 'राहिल्या' इथे मात्र लिंग उघड होतं. १९९८पर्यंत, म्हणजे हार्मोन उपचार सुरू होईपर्यंत, 'ते' आणि पुढे 'त्या' असं लिहू नका. वाचकाला दोन माणसं वाटतात. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'त्या'च. 'पुरुष असताना' हा शब्दप्रयोग तर नकोच, तो त्यांचं म्हणणं खोडून काढतो.

१९९८ साली त्यांनी हार्मोन उपचार सुरू केले, एवढं एक वाक्य पुरे. शस्त्रक्रियेची चौकशी चित्रकाराच्या परिचयात कशाला? त्या जागी त्यांच्या शाईच्या रेषेबद्दल, मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्या जागेबद्दल लिहा.

शेवटी चित्रांखालच्या ओळी तपासा. जुनं नाव बहुतेकदा तिथेच राहून जातं.