कविता बोटांवर मोजताना

आधी कविता मोठ्यानं म्हणा. गावच्या देवळात खंजिरीवरची भजनं ऐकत वाढलेल्या माणसाला ठेका कळतोच. तो येतो कुठून, तेवढंच शोधायचं आहे. सरावासाठी हे चार चरण रचलेत (पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मातीमंदी म्हणजे मातीमध्ये):

पऱ्हाटी फुलली । वेचणीला माय ।
मातीमंदी पाय । रुतलेले ॥

आता बोटांवर अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून ‘पऱ्हाटी’ची तीन. हिशेब येतो ६, ६, ६, ४. या छंदाचं नाव मोठा अभंग. यात ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, अक्षरांची संख्या पाळतात. बोलताना आपण ‘माय्’ म्हणतो, पण गाताना ‘य’ पूर्ण उच्चारतो, म्हणून ती दोन अक्षरं. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड. आवाज तिथे अडतो, आणि मायचे पायही तिथेच रुतलेत. छंद मोजण्यातलं खरं सुख मला इथे सापडतं.

अक्षरसंख्येवरून छंद कळला नाही, तर लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं, लावा. लघूची १ मात्रा, गुरूच्या २. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात आला तर ते गुरू, जसा ‘पुस्तक’मधला ‘पु’. ‘पऱ्हाटी’तल्या ‘प’वर आघात नाही, तो लघूच, म्हणजे लघु-गुरू-गुरू. तीन अक्षरांच्या अशा ठरावीक क्रमाला गण म्हणतात, हा य गण. इथे डोळ्यांपेक्षा कानाचं ऐका. लघु-गुरूंचा क्रम ओळीओळीत तोच असेल तर ते अक्षरगणवृत्त.

यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आहे: माय, पाय. ‘माय’ला ‘सोय’ जोडली तर ‘य’ जुळतो, पण आधीचा स्वर बदलल्यानं यमक ढिलं पडतं. अमरावतीच्या सुरेश भटांची गझल वाचत असाल तर दोन गोष्टी वेगळ्या काढा: ‘पाणी नाही’, ‘गाणी नाही’ यांत शेवटी तसाच परत येणारा ‘नाही’ हा रदीफ, त्याआधी जुळणारं पाणी-गाणी हे यमक म्हणजे काफिया.

पुनरावृत्तीला पेन्सिलीनं गोल करा. जात्यावरच्या ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ या मोजणीनं हाताला लय मिळते. भजनातलं ध्रुपद, म्हणजे फिरून येणारी ओळ, शब्दांनी तेच राहतं, पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ थोडा सरकतो. तो दरवेळी पानाच्या समासात लिहा.

पुन्हा येणारा शब्द किंवा ध्वनी नुसता शोभेचा आहे का, हे तपासायचं तर तो काढून बघा. वरच्या चरणांत माय, माती, मंदी असा ‘म’ फिरतो. ‘मातीमंदी पाय’ऐवजी ‘चिखलात पाय’ म्हणा. अक्षरं सहाच राहतात, यमकही टिकतं. माय आणि मातीचं नातं मात्र तुटतं.