बंदिशकारांविषयी लिहिताय? या चुका टाळा

मैफलीच्या पत्रिकेत ‘राग जोगकंस, बंदिश : पारंपरिक’ असं छापलेलं दिसलं, की समजावं कुणीतरी घाईत हात झटकले आहेत. बंदिश, म्हणजेच चीज, ही रागात बांधलेली गीतरचना. जोगकंस हा राग मांडला जगन्नाथबुवा पुरोहितांनी. बुवांचा जन्म १९०४ चा, ते गेले १९६८ साली. ‘पीर पराई जाने नहीं बालमवा’ हा त्यातला गाजलेला छोटा ख्यालही, म्हणजे द्रुत लयीतली बंदिशही, त्यांचाच. जितेंद्र अभिषेकी, राम मराठे, माणिक वर्मा ही त्यांच्याकडे शिकलेली मंडळी. बुवांना समोर बसून ऐकलेले श्रोते आजही आहेत. ‘पारंपरिक’ हा शब्द खरोखरच कर्ता सापडत नसेल तेव्हा वापरायचा. शोधायचा कंटाळा आला म्हणून नाही.

गायकांची चरित्रं आपल्याकडे भरपूर आहेत. बंदिश बांधणाऱ्यांच्या वाट्याला मात्र दोन ओळी येतात, आणि त्या दोन ओळींतही तेच ते घोळ.

मुद्रा दिसली, की कर्ता सापडला?

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. मुद्रा म्हणजे कर्त्याने बंदिशीच्या शब्दांत गुंफलेलं आपलं टोपणनाव. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, ‘सदारंग’ आला, की लेखक मोकळा. सदारंग म्हणजे नियामत खाँ, बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे), दिल्लीच्या मुहम्मदशाहाच्या दरबारातले. या बादशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८. निजामाबरोबर दख्खनेतून दिल्लीला गेलेल्या दर्गाह कुली खान याने आपल्या फारसी वर्णनात नियामत खाँचं कौतुक लिहून ठेवलंय, म्हणजे माणूस दंतकथेतला नाही. पण सदारंग हे नाव इतकं वजनदार ठरलं, की पुढच्या पिढ्यांतल्या कित्येकांनी आपली रचना त्याच्या नावावर सोडली. कुणी आदरापोटी, कुणी ती खपावी म्हणून. त्यामुळे मुद्रा हा पुरावा आहे, पण एकट्याच्या बळावर उभा राहणारा नाही.

मग पारखायचं कसं? पहिल्यांदा रागाचं वय बघा. राग विसाव्या शतकात घडला असेल, तर सदारंगांचा प्रश्नच मिटला. मग ती चीज कोणत्या घराण्यात, कुणाकडून कुणाकडे आली ते विचारा. एकाच घराण्यात मिळते, बाहेर कुणालाच ठाऊक नाही, असं असेल तर कर्ता बहुधा त्याच घरातला. शब्दांवरही थोडी नजर ठेवा, पण जपून : ‘मोहम्मदशा सदारंगीले’ असं आलं म्हणून रचना बादशहाची होत नाही. आश्रयदात्याचं नाव चिजेत गुंफायची ती दरबारी रीत होती.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. मुद्रा बहुतेक वेळा अंतऱ्यात येते, आणि बड्या ख्यालाचा, म्हणजे विलंबित लयीतल्या बंदिशीचा, अंतरा आजकाल पुष्कळ मैफलींत गायलाच जात नाही. एका ध्वनिमुद्रणात मुद्रा ऐकू आली नाही म्हणून ‘कर्ता अज्ञात’ लिहून टाकू नका. तीच चीज दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून, शक्यतो जुन्या माणसाच्या, ऐका.

गुणिदास की गुणिजन?

एक अक्षर चुकलं, की माणूस बदलतो. ‘गुणिदास’ म्हणजे वर आलेले जगन्नाथबुवा. ‘गुणिजन’ म्हणजे त्यांचे शिष्य चिंतामण रघुनाथ व्यास, १९२४ ते २००२. गुरूची रचना शिष्याच्या आणि शिष्याची गुरूच्या नावावर छापलेली सर्रास आढळते. त्यातून व्यासांनीच गुरूच्या स्मरणार्थ मुंबईत गुणिदास संगीत संमेलन सुरू केलं, त्यामुळे दोन्ही नावं एकाच परिच्छेदात येतात आणि गोंधळात भर पडते.

आग्रा घराण्यात तर ‘पिया’चं अख्खं कुटुंबच आहे. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’, खादिम हुसेन खाँ ‘सजनपिया’. अत्रौलीचे मेहबूब खाँ ‘दरसपिया’ हे फैयाज खाँचे सासरे. द्रुत लयीत प्रेमपिया आणि प्राणपिया कानाला जवळजवळ सारखेच लागतात. शंका असेल तर ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करून ऐका, किंवा सरळ गाणाऱ्याला विचारा. गवय्ये अशा प्रश्नाने खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

पुढे श्री. ना. रातंजनकर ‘सुजान’, दिनकर कैकिणी ‘दिनरंग’, बलवंतराय भट्ट ‘भावरंग’, अलाहाबादचे रामाश्रय झा ‘रामरंग’, बडे गुलाम अली खाँ ‘सबरंग’. ही यादी जवळ ठेवा, पण नुसत्या ‘रंग’ या शेपटावरून सगळ्यांना सदारंगांच्या वंशात बसवू नका. अदारंग, म्हणजे फिरोज खाँ, ते मात्र सदारंगांचे पुतणे होते.

भलत्याच माणसाचा फोटो

आग्र्याचे विलायत हुसेन खाँ १९६२ साली वारले. सतारिये विलायत खाँ २००४ मध्ये. एक गवई, दुसरे इटावा घराण्याचे वादक. तरीही ‘प्राणपिया’वरच्या मजकुराला सतारीचा फोटो चिकटवलेला दिसतो. फोटोत माणसाच्या हातात काय आहे एवढं पाहिलं तरी पुरे.

अशीच गत खुस्रोची. अमीर खुस्रो १२५३ ते १३२५. ख्याल, तबला, सतार, सगळं त्याच्या खात्यावर टाकायची सवय लागली आहे. सतारीच्या बाबतीत अनेक संशोधक अठराव्या शतकातल्या खुस्रो खाँकडे बोट दाखवतात. दोघांमध्ये चारशे वर्षांचं अंतर आहे.

जन्मसालांबद्दल थोडक्यात : जुन्या उस्तादांची जन्मवर्षं जितकी पुस्तकं तितकी वेगळी. फैयाज खाँचंच घ्या, १८८०, १८८१, १८८६ अशी सालं छापलेली सापडतात. मृत्यू १९५० चा, त्यावर दुमत नाही. अशा वेळी एकच जन्मसाल ठोकून देण्यापेक्षा खात्रीचं साल द्या आणि पुढे चला.

बाईचं नाव गाळू नका

‘तन मन धन तोपे वारूं’ ही कलावतीतली आणि ‘जागूं मैं सारी रैना’ ही मारुबिहागातली चीज प्रभा अत्रे यांची. या चिजा घराघरांत पोचल्या, शिकवण्यांत शिकवल्या गेल्या, स्पर्धांत गायल्या गेल्या. नाव मात्र वाटेत गळून पडतं. गायिका म्हणून ओळख मोठी झाली, की ती रचनाकारही असेल हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. गायिकेवर लिहिताना ‘स्वतःच्या बंदिशी’ असा वेगळा रकाना आधीच आखून ठेवलेला बरा.

भातखंडे आणि ‘चतुर पंडित’

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) बंदिशींचे संग्राहक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, बंदिशकार म्हणून फारसे नाहीत. ‘हररंग’ मुद्रेच्या चिजा त्यांच्याच, लक्षणगीतांतला (रागाची लक्षणं सांगणाऱ्या चिजांतला) ‘चतुर’ही तेच. त्यांची क्रमिक पुस्तकमालिका, म्हणजे बंदिशींचा संग्रह, मुळात मराठीत लिहिलेली आहे. मराठी लेखकाने हाथरसहून छापलेलं तिचं हिंदी भाषांतर समोर ठेवून ते पुन्हा मराठीत आणायचं काहीच कारण नाही.

आता गंमत. संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला, आणि मग आपल्याच मराठी ग्रंथात त्या पंडिताचा उल्लेख परक्या माणसाचा करावा तसा केला. त्यामुळे ‘चतुर पंडित नावाच्या प्राचीन ग्रंथकाराच्या मताला भातखंडे दुजोरा देतात’ अशी वाक्यं आजही लिहिली जातात. तुमच्या मसुद्यात तसं वाक्य सापडलं तर आधी ‘प्राचीन’ खोडा, मग ‘दुजोरा’.