रोझा पार्क्सचं नाटुकलं बसवायला घेताय?

नाट्यशिबिरं घ्यायला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. तालीम कशी घ्यायची, मुलांना बोलतं कसं करायचं हे तुम्हाला येत असणारच.

रोझा पार्क्स या काळ्या अमेरिकन कार्यकर्तीवर तयार संहिता ढिगाने मिळतात. त्या घेऊ नका. बहुतेकींत शिवणकाम करून दमलेली एक बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठत नाही आणि इतिहास बदलतो. मुलांच्या डोक्यात हे एकदा बसलं की निघत नाही, मी अजून त्याच्याशी झगडतेय. १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात हे घडलं तेव्हा रोझा ४२ वर्षांच्या होत्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसीच्या हायलँडर शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. अंग दमलं नव्हतं, सोसून सोसून वीट आला होता, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. नऊ महिने आधी, २ मार्चला, त्याच शहरात १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनने जागा सोडली नाही म्हणून तिला अटक झाली होती. रोझांना अटक झाली त्या रात्री तिथल्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सननी जागून बसवर बहिष्कार घालायची हजारो पत्रकं काढली. मग काळ्यांचा बसवर ३८१ दिवस बहिष्कार. बसमधला भेद ज्या खटल्याने संपला, त्यातल्या चार फिर्यादींत क्लॉडेट होती, रोझा नव्हत्या. एकटीच बाई दाखवलीत तर या सगळ्याजणी पुसल्या जातात आणि मुलांना वाटतं, धैर्य अचानक येतं.

चार खुर्च्या मांडा. रोझांच्या ओळीत चौघं होती. उभा गोरा प्रवासी एकच, पण त्याच्या ओळीत काळ्यांनी बसायचं नाही, म्हणून चौघांनी उठायचं. तिघं उठली. आधी त्या तिघांच्या भूमिका वाटा आणि विचारा, का उठलात? मुलं नोकरीचं सांगतात, घरच्या तान्ह्या बाळाचं सांगतात. त्यांना भित्रं ठरवू नका.

चेहऱ्याला काळा रंग अजिबात फासायचा नाही, सुचवणारा दिग्दर्शक कितीही अनुभवी असो. अमेरिकेत त्याच रंगाने पिढ्यान्‌पिढ्या काळ्या माणसांची टिंगल झालीय. चष्मा, कोट आणि पर्स पुरे.

उठायला सांगणारा ड्रायव्हर व्हायला मुलं तयार नसतात. ती भूमिका तुम्ही करा. एखादं मूल रडलं तर घाबरू नका, थांबा, सगळ्यांना आपापलं खरं नाव मोठ्याने घ्यायला लावा. संवाद विसरले तरी बिघडत नाही.

गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथ आपले खांदे दाबून धरताहेत असं बसमध्ये उठायला नकार देताना वाटलं, असं क्लॉडेट सांगायची. तिच्यामागे दोन मुली उभ्या करा. या दोघी कोण, हे मुलं विचारतातच. पुढची तालीम त्यांच्यावर घ्या.