कप, चमचे आणि घन सेंटीमीटर

स्वयंपाकघरातील माप घनमापात बदलताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: 1 मिलिलिटर म्हणजे बरोबर 1 घन सेंटीमीटर. त्यामुळे 5 मिलिलिटरचा लहान चमचा, 15 मिलिलिटरचा मोठा चमचा आणि 250 मिलिलिटरचा कप यांचे आकडे बदलावे लागत नाहीत.

याचा खरा उपयोग केकचे भांडे निवडताना होतो. आतून 20 सेंटीमीटर लांब, तितक्याच रुंद आणि 5 सेंटीमीटर उंच चौकोनी भांड्याचे घनफळ 2000 घन सेंटीमीटर येते. त्याला 250 ने भागले की 8 कप मिळतात. तेवढ्याच व्यासाच्या आणि उंचीच्या गोल भांड्यात मात्र, त्रिज्येचा वर्ग, उंची व 3.14 यांचा गुणाकार केल्यास, सुमारे 1570 घन सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम सव्वासहा कप मावतात, आणि हा फरक दुर्लक्षिला तर मिश्रण हमखास उतू जाते. केक फुगण्यासाठी वर जागा सोडावी, हे वेगळेच.

अमेरिकी पाककृतीतील कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो. घन इंचांचे मिलिलिटर करण्यासाठी 16.39 ने गुणावे. ही सर्व मापे आकारमानाची असल्याने कपभर मैद्याचे वजन 250 ग्रॅम धरू नये. ते त्याहून बरेच कमी भरते.