जास्त पिकलेल्या केळ्यांचे अक्रोड बार

सत्यनारायणाची पूजा आटोपली की डझनभर केळी उरतात. एकदा शिकरण होतं, एकदा शिरा होतो, आणि उरलेली तीन-चार केळी तिसऱ्या दिवशी काळी पडून ओट्यावर पडून राहतात. कुणी हात लावत नाही. बार करायला नेमकी हीच केळी लागतात. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. साल अर्ध्याहून जास्त तपकिरी झाली की बहुतेक स्टार्च साखरेत उतरलेला असतो, म्हणून वरून गूळ कमी घातला तरी चालतं आणि वासही भरपूर येतो. पिवळ्याधमक केळ्यांचे बार फिके आणि पिठूळ लागतात.

केळ्याच्या गरात पाऊण हिस्सा पाणीच असतं. बार मधे कच्चा राहिला, चिकट झाला, दुसऱ्या दिवशी ओलसर पडला, या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या पाण्यात आहे. म्हणूनच ‘तीन केळी’ या मापावर विसंबू नये, गर वजनावर घ्यावा. घरात वजनकाटा नसेल तर 300 ग्रॅम गर म्हणजे साधारण सव्वा कप (240 मिलीचा कप) धरा.

बाजारातलं लांब पिवळं केळं, जळगावकडून येतं ते, सोललं की 100 ते 120 ग्रॅम भरतं. अशी तीन पुरतात. वेलची केळी असतील तर सहा ते आठ लागतील. त्यांचा गर घट्ट असतो, म्हणून कुस्करताना त्यात 1 मोठा चमचा दूध घाला. राजेळी इथे नकोत. पिकल्यावरही त्यांचा गर टणक राहतो. ती वसईकरांच्या सुकेळ्यांसाठीच, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांसाठीच बरी.

फ्रिजमध्ये ठेवून साल काळी झालेलं केळं पिकलेलं असेलच असं नाही. थंडीने साल करपते, आतलं केळं मात्र ठेवलं तेव्हा होतं तेवढंच कच्चं राहतं. आधी बाहेर पिकू द्या, मग हवं तर फ्रिजमध्ये टाका. घाई असेल तर कागदी पिशवीत सफरचंदासोबत बांधून ठेवा, एक-दोन दिवसांत फरक दिसतो. ओव्हनमध्ये सालीसकट भाजून केळी ‘पिकवतात’ तो उपाय गर मऊ करतो, गोडी फारशी वाढवत नाही. आणि देठाशी बुरशी आली असेल, साल फुटून रस गळत असेल किंवा दारूसारखा उग्र वास येत असेल तर ते केळं टाकून द्या. जास्त पिकलेलं आणि नासलेलं यांत फरक आहे.

20 सेंमी चौकोनी टिनसाठी साहित्य (10 बार होतात):

केळ्याचा गर – 300 ग्रॅम
कणीक – 150 ग्रॅम
बारीक रवा – 30 ग्रॅम
गूळ पावडर किंवा किसलेला गूळ – 110 ग्रॅम
लोणी (वितळवून) – 90 ग्रॅम, किंवा बिनवासाचं तेल – 80 मिली
अंडं – 1, किंवा घट्ट दही – 60 ग्रॅम
अक्रोड – 90 ग्रॅम
खायचा सोडा – अर्धा छोटा चमचा, सपाट
बेकिंग पावडर – अर्धा छोटा चमचा, सपाट
मीठ – पाव छोटा चमचा (लोणी खारं असेल तर चिमूटभर)
दालचिनी पूड – अर्धा छोटा चमचा, किंवा वेलची-जायफळ मिळून तेवढंच

छोटा चमचा म्हणजे 5 मिलीचा, मापाचा. चहाचे चमचे घरोघरी वेगळे असतात, आणि सोड्याच्या बाबतीत तो फरक चवीत उतरतो.

रव्याबद्दल थोडं. नुसत्या कणकेचा बार होतो, पण तो केकसारखा मऊ आणि जरा दमट राहतो. रवा गरातलं सुटं पाणी शोषून घेतो आणि बारला चावायला अंग देतो. रवा नकोच असेल तर कणीक 180 ग्रॅम करा. मैदाही चालतो. त्याने बार हलके होतात, पण दालचिनी आणि गुळासोबत कणकेची चव जास्त जुळते, हे आमचं मत. गुळाऐवजी साखर घेतली तर कडा कुरकुरीत होतात. गुळाने रंग गडद येतो, पोत मऊ राहतो. किसलेला गूळ वापरणार असाल तर तो बारीक किसून चाळून घ्या. ढेपेच्या गुळात कधीकधी बारीक खडा निघतो, तो दाताखाली आला की सगळी मजा जाते.

अक्रोड आधी भाजा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग अक्रोड बारमध्ये मऊ, रबरासारखा लागतो. 160 अंशांवर 8 मिनिटं, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर सतत हलवत 6-7 मिनिटं. वास सुटला की उतरवा. रंग बदलायची वाट बघितली तर कडू होतात. गरम असतानाच स्वच्छ फडक्यात गुंडाळून चोळले की साल बरीच सुटते आणि कडवटपणा कमी होतो. गार झाल्यावर हाताने मोडा. मिक्सरला लावू नका, निम्म्याची पूड होईल आणि तेल सुटेल. भाजण्याआधी एक अक्रोड खाऊन बघाच: जुन्या तेलासारखा खवट लागला तर तो बेक करून सुधारत नाही. अक्रोड महाग वाटत असतील तर भाजून साल काढलेले शेंगदाणे अर्धे मोडून घाला, केळ्याशी त्यांची चव छान जमते. काजू घालायचे तर तुकडे मोठे ठेवा, ते लवकर मऊ पडतात.

आता कृती. ओव्हन वर-खाली दोन्ही रॉड लावून 170 अंशांवर 15 मिनिटं तापत ठेवा. टिनला तूप लावून बटर पेपर अंथरा. कागद दोन बाजूंनी टिनच्या वर दोन बोटं यायला हवा, नंतर त्यालाच धरून सगळा तुकडा उचलायचा आहे.

केळी काट्याने कुस्करा. अगदी लगदा नको, वाटाण्याएवढे थोडे तुकडे राहिले तर बरे. त्यात रवा मिसळून 10 मिनिटं झाकून ठेवा. मग गूळ, कोमट लोणी आणि अंडं किंवा दही घालून एकजीव करा. लोणी कडकडीत गरम असेल तर अंडं जागच्या जागी शिजतं आणि दोऱ्या दिसतात, म्हणून बोट बुडवता येईल इतपत गार होऊ द्या.

दुसऱ्या भांड्यात कणीक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ आणि दालचिनी एकत्र चाळा, दोनदा. कणकेतला कोंडा चाळणीत राहिला तर वरून परत घाला, फेकू नका. सोड्याची गुठळी राहिली तर त्या घासाला साबणाची चव येते, चाळायचं ते त्यासाठी.

कोरडं ओल्यात एकदम घाला आणि उलथन्याने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, 15-20 वेळा फिरवलं की पुरतं. जास्त घोटलं की गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि बार चिवट होतो, वर आत लांबट बोगदे पडतात. दोन तृतीयांश अक्रोड याच वेळी घाला. मिश्रण चमच्यातून सावकाश, गोळ्याने पडलं पाहिजे. धारेसारखं ओतलं जात असेल तर गर जास्त झालाय किंवा दही पातळ होतं. 1 ते 2 मोठे चमचे कणीक वाढवा. उलट चमच्याला चिकटून राहत असेल तर चमचाभर दूध.

लगेच टिनमध्ये घाला, कारण ओलं लागताच सोडा काम करू लागतो आणि अर्धा तास ठेवलेलं मिश्रण नीट फुगत नाही. कडेला मिश्रण थोडं जास्त आणि मध्यभागी किंचित खोलगट असं पसरवा. मध्य सगळ्यात शेवटी भाजला जातो, म्हणून तिथली जाडी कमी असलेली बरी. उरलेले अक्रोड वर पसरून बोटाने हलके दाबा.

मधल्या जाळीवर 28 ते 34 मिनिटं. 25व्या मिनिटाला काचेतून बघा. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरचा रॉड जवळ असतो, अक्रोड आधी करपू लागतात. तसं दिसलं की वर फॉइल सैलसर ठेवा. दार उघडायचं ते 25 मिनिटांनंतरच. मध्यभागी सुरीचं टोक घातलं की त्याला एक-दोन दमट कण चिकटलेले चालतात, ओलं पीठ चालत नाही. केळ्याच्या तुकड्यात सुरी शिरली तर ती ओलीच निघते, म्हणून दोन जागी तपासा. तापमापक असेल तर आत 95 अंशांच्या आसपास आकडा हवा.

टिनचं माप बदललं की वेळ बदलते. 20 सेंमी चौकोनी टिनएवढीच जागा 23 सेंमीच्या गोल टिनमध्ये असते. तुमच्याकडे 20 सेंमीचा गोल टिन असेल तर साहित्य पाऊणपट घ्या, नाहीतर थर जाड होऊन बारचा केक होईल आणि मध्य कच्चा राहील. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये तापमान 10 अंश कमी ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे 160 अंश आणि खालची जाळी.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई चालते. तळाला दोन वाट्या मीठ, वर तिकाटणं, घट्ट झाकण, मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवा. मग टिन ठेवून आच मंद करा, 40 ते 50 मिनिटं लागतील. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब बारवर पडून वरचा थर ओला होतो. वर सोनेरी रंग फारसा येणार नाही, चवीत मात्र कमी पडत नाही. ते मीठ नंतर स्वयंपाकाला वापरू नका. डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा कामाला येतं.

भाजून झाल्यावर टिनमध्येच 15 मिनिटं, मग कागदासकट उचलून जाळीवर. टिनमध्ये तसाच गार होऊ दिला तर तळाला वाफ कोंडते आणि खालचा थर गचका होतो. पूर्ण गार व्हायला दीड ते दोन तास लागतात आणि तेवढं थांबायला हवं: गरम असताना आतला ओलावा बसलेला नसतो, सुरी फिरवली की चुरा होतो आणि बार कच्चा वाटतो. आधी मधोमध कापून दोन भाग करा, मग प्रत्येकाचे पाच. 10 बाय 4 सेंमीचे हे तुकडे मुलांच्या डब्यात नीट बसतात. धारदार सुरी वरून सरळ दाबा, करवतीसारखी ओढू नका, अक्रोड उपटून येतात. दर कापाला सुरी पुसा.

बिघडतं कुठे ते बघू. कडा छान पण मध्य बसलेला असेल, तर बहुधा दार लवकर उघडलं गेलं किंवा सोडा जास्त पडला. जास्त सोड्याने मिश्रण भसकन फुगतं आणि धरून ठेवायला आत काही शिजलेलं नसल्यामुळे खाली बसतं; रंगही नको तितका गडद येतो. वरून भाजलेला आणि आतून कच्चा असेल तर ओव्हन जास्त तापतोय. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये, साधा ओव्हन थर्मामीटर आत लटकवला की खरं कळतं. दगडासारखा निघाला तर बेकिंग पावडर जुनी आहे का बघा: चमचाभर गरम पाण्यात टाकली की लगेच बुडबुडे यायला हवेत. बारमध्ये बारीक काळ्या रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या केळ्यातल्याच असतात. आणि तळाशी ओला, खिरीसारखा पट्टा दिसला तर गर मोजला नव्हता, किंवा फ्रीझरमधली केळी वितळवून त्यांच्या सुटलेल्या पाण्यासकट घातली. ते पाणी टाकायचीही गरज नाही: गाळून कढईत आटवा, निम्मं झालं की गरात परत मिसळा. गोडी त्यातच उतरलेली असते. आटवल्यावरही गर आणि पाणी मिळून 300 ग्रॅमच भरायला हवं.

हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस टिकतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात मात्र एकच दिवस धरा. दुसऱ्या दिवशी वरचा भाग चिकट होतो आणि बुरशीला वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये पाच दिवस. फ्रिजमध्येच ठेवायचे असतील तर लोण्याऐवजी तेल वापरा, कारण थंड लोणी घट्ट होऊन बार कडक लागतो. लोण्याचे केले असतील तर खाण्याआधी 20 मिनिटं बाहेर काढून ठेवा. फ्रीझरसाठी प्रत्येक बार बटर पेपरात गुंडाळून पिशवीत भरा, दोन महिने चव राहते. रात्री त्यातला एक काढून डब्यात टाकला की सकाळी मधल्या सुट्टीपर्यंत खायला तयार.